दिवेलागणीच्या आत

जळगावात नाना पारोळकरांना ओळखणारी माणसं आता थोडी उरली आहेत. जी आहेत ती त्यांची आठवण निघाली की हसतात. खिशातले चिंचोके, गळ्यातली शिट्टी, वकीलसाहेबांना घासायला लावलेली भांडी, असं एकेक निघतं आणि बैठक रंगते. मीही त्या बैठकीत असतो. मी हसत नाही, म्हणून ड्रॉइंगमास्तर म्हातारपणी आंबट झाला असं लोक म्हणतात. झालो असेन. पण नानांबद्दल मनात आहे ते गोड करून सांगण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

नाना आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा ते तिथं चांगले मुरलेले होते. वयानं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरा रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि पायांत तळाला मोटारीच्या टायरचा तुकडा ठोकलेले जोडे. वरांड्यातून येताना त्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही. वर्ग गोंगाट करत असायचा आणि नाना आधीच फळ्यापाशी उभे असायचे.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी. नकाशा टांगण्याआधी उत्तरेची खिडकी उघडायची. पावसाळा सरल्यावर स्वच्छ सकाळी आमच्या शाळेच्या माडीवरून सातपुड्याची निळी रेघ दिसायची. पुस्तकात काय लिहिलंय ते मला सांगू नका, तिकडे काय दिसतंय ते सांगा, असं ते म्हणायचे. तापीचं पात्र किती रुंद, याला पुस्तकातला आकडा लिहिणाऱ्याला शून्य मिळायचं. ‘पाहिलं ते लिहिलं, ऐकलं ते सोडलं,’ हे त्यांचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ते म्हणायचे, आणि शिक्षकांच्या खोलीत एखाद्यानं कुणाची कुचाळकी सुरू केली की हमखास म्हणायचे. ऐकायला फार छान वाटायचं ते. मी तर ते सुंदर अक्षरात लिहून माझ्या टेबलासमोर लावलं होतं. पुढे फाडून टाकलं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती अक्षरावरून. नानांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांनी काढलेला नकाशा त्यांनाच लागायचा नाही. एक दिवस मधल्या सुटीत माझ्यापुढे कागदांची चवड आदळून ते म्हणाले, हे सगळं मला माणसाला वाचता येईल असं करून हवंय, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर बंगलीवर यावं लागेल. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी गेलो. पुढची नऊ वर्षं जात राहिलो.

बंगली चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या दुसऱ्या चढावर होती. चोपड्याच्या एका शेटजींनी कधी काळी लाकडाचा ठेका घेतला होता, तेव्हा मुनिमासाठी ती बांधली होती. सागाच्या फळ्यांच्या भिंती, वर कौलं, दोन खोल्या, पुढे लांब ओटा, मागे झरा. ठेका संपला आणि ती रिकामी पडली. शेटजींचा नानांवर लोभ होता, त्यांनी किल्ली नानांच्या हातात दिली. जळगावहून सर्व्हिस मोटारीनं तापीपर्यंत यायचं, नावेनं पलीकडे जायचं, चोपड्याला बैलगाडी करायची आणि शेवटचे दोन कोस चढ चढायचा. पोचेपर्यंत माणूस घामानं भिजून जायचा. पण ओट्यावर बसून खाली पाहिलं की सगळा खानदेश पसरलेला दिसायचा, कपाशीचे काळे पट्टे आणि मधून तापीची चमक. त्या ओट्याइतकं सुख मला आयुष्यात दुसरीकडे क्वचितच मिळालं. हेही सांगायलाच हवं, नाहीतर मी उगाच कडू बोलतोय असं वाटेल.

नानांचा बेत असा होता. ओझी घेऊन गावोगाव मुक्काम करत हिंडायचं नाही. मुक्काम एकच, बंगली. रोज सकाळी तिथून एक वाट धरायची, जायचं तिथं जायचं, आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. उनपदेवच्या ऊन पाण्याच्या झऱ्याकडे एक दिवस, धबधब्याकडे एक दिवस, पठारावरच्या पडक्या गढीकडे एक दिवस. अशा सोळा वाटा त्यांना करायच्या होत्या. त्यांचं पुस्तक काढायचं, शेवटी नकाशा जोडायचा, म्हणजे शहरातल्या माणसालाही आपला मुलूख पाहता येईल. आपल्या घरामागचा डोंगर साहेबांच्या पुस्तकात वाचायचा याची त्यांना लाज वाटायची. ही लाज खरी होती. मला ती पटली म्हणूनच मी गेलो.

अंतर मोजायची त्यांची रीत सगळ्या जळगावाला ठाऊक होती. कोटाच्या उजव्या खिशात चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. चालताना त्यांच्याशी बोलायची बंदी. एकदा एका डॉक्टरांना राहवलं नाही, त्यांनी मोर दाखवला. नानांची मोजणी चुकली. ते तोंडातून एक शब्द न काढता मागे वळले आणि मागच्या खुणेच्या झाडापर्यंत पाव कोस परत गेले. आम्ही आठ माणसं उन्हात त्यांची वाट पाहत उभे. मोर केव्हाच गेला होता.

आणि वकीलसाहेबांची गोष्ट. जळगावातले एक नामांकित वकील आमच्याबरोबर आले होते. परतताना एका धारेवर थांबून त्यांनी जाहीर केलं की सूर्यास्त पाहिल्याशिवाय आपण इथून हलणार नाही. नानांनी तीनदा शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना घेऊन चालू लागले. वकीलसाहेब तासाभरानं बंगलीच्या रखवालदाराचा हात धरून पोचले. नाना आत कंदिलापाशी भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. सकाळी मात्र त्यांनी रात्रीची सगळी भांडी वकीलसाहेबांपुढे ठेवली आणि राखेचं टोपलं दाखवलं. भल्याभल्या न्यायाधीशांना वाकवणाऱ्या त्या माणसानं मुकाट्यानं भांडी घासली. पुढे आयुष्यभर ते ही हकिकत स्वतःच रंगवून सांगायचे. शिस्त म्हणजे काय ते पारोळकर मास्तरांकडून शिकावं, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

रखवालदाराचं नाव दुरसिंग. सातपुड्यातला पावरा आदिवासी, नानांच्याच वयाचा, शेटजींच्या काळापासून बंगलीवर. पाणी भरायचा, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायचा, वाट दाखवायचा. सकाळच्या वेळी त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. दुपार कलली की मात्र तो नानांच्या पुढे दहा पावलं चालत मागे न बघता बोलत राहायचा. दगड शे, म्हणजे दगड आहे, उतार शे, डावीकडे काटा शे. बाकीच्यांना गंमत वाटायची. मला वाटायचं, दिवसभराच्या गप्पपणाची भरपाई करतोय. नाना त्याला कधी गप्प बस म्हणाले नाहीत. मोजणीच्या वेळी मोरावरून चिडणारा माणूस ही बडबड कशी चालवून घेतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

दुरसिंगाची एकुलती मुलगी जमनी. ती हळदखोंदऱ्याला दिली होती. बंगलीपासून उत्तरेला दोन डोंगर ओलांडले की एका घळीत वीस-बावीस झोपड्यांचा हा पाडा लागायचा. आमची ती अकरावी वाट. चैत्राच्या सुटीत आम्ही तिघेच गेलो, नाना, दुरसिंग आणि मी. पोचलो तेव्हा नानांच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. पाड्यात चिटपाखरू नव्हतं. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. चार-पाच झोपड्यांवरचं जुनं गवत उतरवून ठेवलेलं, नुसते वासे दिसत होते. चुलींतली राख थंड. दुरसिंग म्हणाला, ‘मानसे मोव्ह येचाले गयात, नाना. मनी जमनीबी तठेच शे. संध्याकायले येतीन बठ्ठा.’

मोहाची फुलं गळायला लागली की पावऱ्यांचं अख्खं गाव झाडांखाली जातं, पोराबाळांसकट, म्हाताऱ्यांसकट. गवत उतरवलं होतं ते पावसाळ्याआधी नवं शाकारायचं म्हणून. हे सगळं दुरसिंगानं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, दशमी खाल्ली, घड्याळ पाहिलं. आणि वहीत लिहिलं, ‘ओसाड.’

मी म्हटलं, नाना, माणसं मोहाला गेलीत म्हणतोय ना तो. नाना म्हणाले, ‘तो म्हणतो ते ऐकलेलं झालं. मी पाहिलं ते लिहितो.’ संध्याकाळपर्यंत थांबलो तर माणसं दिसतीलच, असंही मी सुचवलं. त्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि चालू लागले. दुरसिंगानं एका झोपडीच्या दाराची फांदी बाजूला केली, आत काहीतरी पुडी ठेवली, फांदी परत लावली आणि आमच्या पुढे झाला. ती जमनीची झोपडी होती हे मला वाटेत कळलं.

त्या पावसाळ्यात मी नकाशा काढला. वस्त्यांसाठी काळी शाई, पडक्या जागांसाठी लाल. हळदखोंदरा लिहिलं आणि त्याखाली लाल शाईनं, बारीक बोरूनं ‘ओसाड’ लिहिलं. हा शब्द नानांचा असला तरी अक्षर माझं आहे. इतका घोटीव ‘ड’ मी पुन्हा काढलेला नाही.

पुस्तक निघालं आणि नानांचं नाव झालं. धुळ्यापासून भुसावळपर्यंतच्या शाळांनी प्रती मागवल्या. जंगलखात्याचे एक साहेब मुद्दाम बंगलीवर पाहुणे म्हणून येऊन राहिले. साहेब गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, शिकलेले, गोड बोलणारे. असा नकाशा आमच्या कचेरीतही नाही, असं ते म्हणाले आणि एक प्रत घेऊन गेले. त्या दिवशी नाना इतके खूश होते की चालताना त्यांनी चिंचोके टाकले नाहीत.

चार-पाच वर्षांनी एका सकाळी दुरसिंग शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. चोपड्याहून जळगावपर्यंत तो पायी आला होता. हळदखोंदऱ्याचं रान सरकारी झालं होतं आणि पावसाळ्याआधी पाडा उठवायचा हुकूम निघाला होता. लोक म्हणाले, आमचे आजे-पणजे इथं राहिले. त्यावर त्याच साहेबांनी नानांचा नकाशा दाखवला. पाच-सहा वर्षांपूर्वी एका विद्वान मास्तरानं स्वतःच्या डोळ्यांनी ही जागा ओसाड पाहिली आहे, म्हणजे तुम्ही त्यानंतर घुसलेले. वीस-बावीस घरं, त्यांची नागलीची, ज्वारीची शेतं, सगळं त्या लाल शब्दावर अडलं होतं. दुरसिंग नानांना म्हणाला, ‘कागदवर लिखी द्या, नाना. तठे मानसे ऱ्हातस. बस, येवढंच.’

नानांनी कागद घेतला. लेखणी घेतली. ती पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, मी न पाहिलेलं लिहू कसं? मग त्यांनी दुरसिंगाला जेवू घातलं, स्वतःच्या घरी, पंक्तीला शेजारी बसवून, आणि सांगितलं की मी स्वतः साहेबांपुढे येतो. त्या काळात आमच्याकडे ब्राह्मणाच्या घरी पावऱ्याला पंक्तीला बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. बायकोनं अबोला धरला तरी नानांनी पर्वा केली नाही. असा माणूस होता. म्हणूनच मला त्यांना साफ वाईटही म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पुन्हा चैत्रच होता. साहेबांचा तंबू डोंगराच्या पायथ्याशी पडला होता. नाना, मी आणि दुरसिंग आत गेलो, बाहेर पाड्यातली आठ-दहा माणसं उकिडवी बसली होती. साहेबांनी खुर्च्या दिल्या, नानांना आणि मला. चौकशीत त्यांनी विचारलं, तुम्ही तिथं किती वाजता गेला होता? बारा चाळीस. संध्याकाळपर्यंत थांबलात? नाही. का नाही? नानांनी घड्याळ काढून पाहिलं.

साहेब वाईट नव्हते. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण ते वाईट असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘मास्तर, आजही मोहाचेच दिवस आहेत. आत्ता जा. दुपारी ओसाड दिसतं आणि संध्याकाळी भरतं, एवढं तिथं थांबून पाहा आणि उद्या मला येऊन सांगा. तुमच्या शब्दावर मी कागद फिरवतो.’

दुरसिंग उठून उभाच राहिला. निघायच्या तयारीनं त्यानं मुंडासं नीट केलं. मीही खुर्ची मागे सारली. आणि नाना म्हणाले, ‘मी दिवेलागणीनंतर बाहेर थांबत नाही. माझा नियम आहे.’

साहेबांना ते थट्टेत बोलताहेत असं वाटलं, ते हसले. नाना हसले नाहीत. साहेबांनी पुन्हा विचारलं, एका रात्रीपुरताही नाही? नाना म्हणाले, नाही. मग साहेब माझ्याकडे वळले. तुम्ही जाल का, नकाशा तुम्हीच काढलाय ना? मी नानांकडे पाहिलं. ते तंबूच्या खांबाकडे पाहत होते. नऊ वर्षं त्या माणसाच्या मागून चाललो होतो, त्यानं शिट्टी वाजवली की उठायचं आणि थांब म्हटलं की थांबायचं. माझ्या तोंडून गेलं, ‘नानांच्या शब्दाबाहेर मी नाही.’ हे वाक्य मी बोललो. त्यानंतर माझ्या हातून बरीच चित्रं झाली, काहींना बक्षिसंही मिळाली, पण माझं नाव निघालं की मला स्वतःला आठवतं ते हेच.

साहेबांनी कागद मिटला. इतर कामं उरकेपर्यंत त्यांनी आम्हाला चहासाठी थांबवून घेतलं, नाना दोनदा उठले आणि साहेबांनी दोनदा आग्रहानं बसवलं, आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा सूर्य गेला होता. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, पाड्यातली माणसं, त्यांचे चेहरे, बैलगाडी. नाना तंबूच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे करून हवेत चाचपला. एक पाऊल टाकलं आणि तणाव्यात अडकून गुडघ्यावर आले. मी धावायच्या आत दुरसिंगानं त्यांचं मनगट धरलं. ‘आठे दोरी शे, नाना. पाय उचला.’ तेच बोलणं, दगड शे, उतार शे. गाडीपर्यंत त्यानं त्यांना नेलं आणि वर बसवलं. ज्या माणसाच्या एका होकारावर दुरसिंगाच्या मुलीचं घर उभं होतं, आणि ज्यानं तो होकार दिला नव्हता, त्याला त्यानं हाताला धरून गाडीत बसवलं.

नाना रातांधळे होते. लहानपणापासून. दिवस मावळला की त्यांना कंदिलाच्या वातीपलीकडचं काही दिसत नसे. नियम, शिट्टी, भांडी, ‘मुक्काम एकच’, सगळी इमारत त्यावर उभी होती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न लिहिणाऱ्या माणसाला अर्धा दिवस डोळेच नव्हते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो शिस्तीचा पुतळा झाला होता. साहेबांपुढे एक वाक्य बोलायचं होतं, मला रात्री दिसत नाही म्हणून मी थांबलो नाही. एवढ्यानं नकाशातला शब्द आपोआप खोटा पडला असता. नानांना ते वाक्य बोलवलं नाही.

मी दुरसिंगाला बाजूला घेऊन विचारलं, तुला हे माहीत होतं, मग तू का नाही सांगितलंस साहेबांना? तो म्हणाला, ‘ती त्यासनी गोट व्हती, भाऊ. त्यासनीच सांगाले जोयजे व्हती.’

ज्येष्ठात पाडा उठवला. मी पाहायला गेलो नव्हतो, ऐकलं ते सांगतो. वासे ओढून एका जागी रचले आणि पेटवले. माणसं खाली उतरली, काही शिरपूरकडे गेली, बरीचशी सावद्याला केळीच्या बागांत मजुरीला लागली. दुरसिंगानं बंगलीची किल्ली शेटजींच्या मुनिमाकडे दिली आणि तोही मुलीच्या मागे गेला. बंगलीवर जाणं बंद झालं. नाना म्हणायचे गुडघे दुखतात. शाळेत ते पूर्वीसारखंच शिकवत राहिले, फक्त उत्तरेची खिडकी उघडेनासे झाले. आमच्यात त्या तंबूबद्दल कधी बोलणं झालं नाही. दोघांनाही दुसऱ्याचं तोंड पाहिलं की ते आठवायचं, म्हणून आम्ही हवापाण्यावर बोलायचो.

स्वराज्य आता येणारच असं सगळे म्हणत होते त्या दिवसांतली गोष्ट. नाना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असतील. एका छापखान्याला त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. नाना नकाशाची सुरळी घेऊन माझ्याकडे आले. पुन्हा स्वच्छ काढून द्या, असं म्हणाले, आणि मग हळूच, हळदखोंदऱ्याखालचा शब्द काढून टाका. मी इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तेव्हा बाहेर आलं. मी म्हणालो, ‘कशाला काढायचा, नाना? आता तो शब्द बरोबर आहे. आपण आधी लिहिला, मग तसं झालं.’

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सुरळी गुंडाळली आणि विचारलं, दुरसिंग कुठे असतो तुम्हाला ठाऊक आहे का?

दुसऱ्या दिवशी आम्ही सावद्याला गेलो. केळीच्या बागेच्या कडेला पाटाच्या काठानं मजुरांच्या झोपड्यांची रांग होती, पाचटाच्या आणि केळीच्या सोपटांच्या. दुरसिंग दारात बसून दोर वळत होता. तो फार म्हातारा झाला होता. नानांना पाहून तो उठला, बाज टाकली, पाणी दिलं. बोलणं काही झालं नाही. पाऊसपाणी, गुडघे, कुणाला किती नातवंडं. ऊन उतरलं तेव्हा मी म्हटलं, नाना, निघायला हवं. ते म्हणाले, आज थांबू.

दिवस मावळला. बागेतून बायामाणसं परतायला लागली आणि झोपड्यांतून धूर निघू लागला. नाना बाजेवर ताठ बसले होते, डोळे उघडे, पण नजर कुठेच नव्हती. त्यांनी खिशातून वही आणि पेन्सिल काढली आणि म्हणाले, ‘दुरसिंग, मला दिसत नाही. हळदखोंदऱ्याची किती घरं आहेत इथं, तू सांग. मी लिहितो.’

दुरसिंगानं हातातला दोर खाली ठेवला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. ‘हाई जमनीनं घर. चुल्हा पेटेल शे.’ मग पुढचं घर, कुणाचं, चूल पेटली की नाही. मग त्यापुढचं. एका घराशी तो अडला, म्हणाला, याना आजाना बठ्ठा आंबा तठे व्हतात, आणि पुढे गेला. नाना लिहीत होते. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सगळ्या ओळी एकाच जागी, एकीवर एक पडत होत्या. दुसरं नाव पहिल्यावर, तिसरं दोन्हींवर. पेन्सिलीचा नुसता काळा गिचमिड ढीग झाला होता, कोंबडीचे पायही त्यापेक्षा बरे. मी त्यांचा हात धरून खाली सरकवायला हवा होता. मी सरकवला नाही. का नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आठ-नऊ घरं झाली. दुरसिंगानं वाकून वहीकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण एवढं त्यालाही कळलं. ‘आते लिखीसन काय करशात, नाना,’ तो म्हणाला, हळूच, रागानं नाही. जमनीनं आतून जेवायला हाक मारली. तो अनवाणी उठला आणि आवाज न करता आत गेला.

नाना मान थोडी कलती करून, पेन्सिल कागदाला टेकवून बसून राहिले. मग दुरसिंग बसला होता त्या जागेकडे तोंड करून म्हणाले, ‘हं, पुढचं घर?’